श्वान पथकातली सवत

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. एक तर ती सरकारी नोकरीतली, आणि दुसरं म्हणजे ते नाव नुसतं ओठावर आलं तरी माझं तोंड अजून कडू होतं. एवढंच सांगते की ती काळी होती, उंच होती, कंबर मुठीत मावेल अशी, आणि चोवीस तास माझ्या नवऱ्याच्या डोक्यात असायची. जातीची डॉबरमन. सोलापूरच्या पोलीस श्वान पथकात चोरांचा माग काढायच्या कामावर. आणि आमचे हे तिचे हँडलर, म्हणजे तिला शिकवणारे, फिरवणारे, अंघोळ घालणारे आणि स्वतःच्या हातानं भरवणारे. कुत्रीचा हेवा करते म्हणून हसायचं असेल तर हसा बापडे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तशी मी पोलिसाच्या घरात मुकाट्यानं नांदले असते. सासरेही पोलिसातच होते. त्यांच्या वेळचा पोलीस म्हणजे हाफ पँट, हातात काठी आणि बुडाखाली सायकल. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "आपल्यात सण शिळा येतो बाई. लोकांची दिवाळी झाली की आपली." ते मी ऐकलं. गणपतीचा बंदोबस्त, गड्ड्याच्या जत्रेचा बंदोबस्त, निवडणुकीचा बंदोबस्त, सगळं सोसलं. बंदोबस्ताचा हेवा करून करणार काय? त्याला ना नाक ना डोळे.

आणि माग काढण्याचं कौतुक तर मला सांगूच नका. माझे पणजोबा मंगळवेढ्याकडच्या एका गावात जागल्या होते. रात्री गावाची राखण करायची हे त्यांचं काम. तेव्हा पोलीस ठाणं कुठलं जवळ? गावात चोरी झाली की पाटील जागल्याला हाक मारणार आणि जागल्या वाकून पावलं बघत रानातनं निघणार. पाऊल पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवलं की हा सुटला. तिथून पुढचा माग त्या गावच्या जागल्यानं उचलायचा. दाखवता आलं नाही तर सगळा गाव ह्याच्याच नावानं बोटं मोडणार. माग काढून दिला तरी पणजोबांच्या पाठीवर कुणी हात ठेवल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही. आणि ही बया तेच काम करते तर हिच्या गळ्यात पदक, हिला बघायला कलेक्टर, हिचा वाढदिवस आला की पेढे!

यांना श्वान पथकात घेतलं तेव्हा मीच नारळ फोडला होता, कर्म माझं. म्हटलं, चला, रस्त्यावर उन्हात उभं राहणं तरी चुकलं. हे पुण्याला ट्रेनिंगला गेले आणि कित्येक महिन्यांनी आले ते तिला घेऊनच. त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं म्हणजे तिचं बोलणं. तिनं आज दूध कमी प्यायलं. तिच्या पंजात काटा गेला. मे महिन्यात आमच्या पोलीस लाईनीतल्या खोल्या तव्यासारख्या तापायच्या, आणि तिच्या खोलीला कूलर. मी म्हटलं, "आम्हालाही एक पट्टा बांधा की गळ्यात, कूलर तरी मिळेल." तर हे म्हणतात, "अगं, तिला नाकानं काम करायचं असतंय." मी काय ढोपरानं करत होते?

पण खरं सांगू का, कूलर नाही, दूध नाही. मला झोंबायचा तो एकच शब्द. शाब्बास.

एकदा मुख्यालयाच्या कुंपणाबाहेरून मी यांचा सराव बघितला. यांनी रुमाल लपवला, तिनं शोधला, आणि हे गुडघ्यावर बसून तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "शाब्बास, माझी बाय ती! शाब्बास!" असा आवाज! मी संसार करून इतकी वर्षं झाली, हा आवाज यांच्या गळ्यात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. घरी विचारलं तर म्हणाले, "म्हणावंच लागतं. काम झालं की लगेच शाबासकी, मग खाणं. न्हाय तर कुत्रं काम सोडून देतं." अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी किती भाकऱ्या थापल्या, एक तरी दिवस काम सोडलं का? नाही. म्हणूनच शाबासकी नाही!

लेकीच्या साखरपुड्याला सगळे पाहुणे बसले होते आणि फोन आला. टेंभुर्णीला चोरी झाली होती. हे कुंकू लावायला वाकले होते ते तसेच उठले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, हे आणि ती, दोघं कॅमेऱ्याकडं बघतायत. माझ्याबरोबरचा यांचा शेवटचा धड फोटो लग्नातला आहे, आणि त्यात हे भटजीकडं बघतायत. व्याही कौतुकानं तो पेपर घेऊन आले. मी हसून चहा केला आणि आत जाऊन डबे आपटले.

आणि एवढं सगळं असून मला तिच्या जवळ जायची सोय नव्हती. घरच्यांनी कुत्र्याला हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, कुत्रं बिघडतं. सव्वीस जानेवारीच्या परेडला दोरीच्या अलीकडून बघायचं तेवढंच. सवतीशी भांडायला तरी मिळतं. मला तेही नाही.

मग मागच्या पावसाळ्यात यांना डेंग्यू झाला. साधा नाही, चांगलाच अंगावर आला. दवाखान्यात ताप उतरेना, रक्तातल्या पेशी खाली खाली चालल्या, डॉक्टर तोंडावर काही बोलेनात. मी उशाशी बसून ओल्या पट्ट्या ठेवत होते. हे तापात बडबडायला लागले. मी कान लावून ऐकलं. नाव तिचं! "बस... थांब... शाब्बास..." माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. मनात आलं, हा माणूस जर आज गेला, तर जाताना यांच्या तोंडात नाव कुणाचं असेल? हे असं मनात आणणारी मी किती वाईट, पण आलं ते आलं. भीती होती हो. हे जातील याची भीती, आणि जाताना तिचे म्हणून जातील याची त्याहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथकातला नवा पोलीस आला. यांच्या हाताखाली नुकताच लागलेला, हे आजारी म्हणून कुत्री त्याच्याकडं होती. दारात उभा राहून टोपी चुरगाळत म्हणाला, "वहिनी, दादा हितं आल्यापासनं ती खायाच न्हाय. डॉक्टर बघून गेले. आजार कायबी न्हाय म्हणत्यात. अशानं मरंल ती. दादांचा घातलेला शर्ट हाय का एखादा, न धुतलेला? वास आला तर जरा धीर धरंल."

दाखल केलं त्या दिवशीचा शर्ट पिशवीत होता. तो त्याच्या हातात द्यायला गेले आणि माझा हातच सुटेना. मी म्हटलं, "मी येते. माझ्या हातानं देते." खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, ही खरंच उपाशी आहे की ढोंग करतेय. लेकीला यांच्याजवळ बसवलं आणि त्याच्या गाडीवर मागं बसून मुख्यालयात गेले.

ती आपल्या खोलीत, जाळीच्या दाराआड कोपऱ्यात पडली होती. तोंडाभोवती पांढरे केस आलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. जेवणाचं भांडं भरलेलं, वर माश्या. मी मुद्दाम लांब, लिंबाखाली उभी राहिले. त्या पोरानं शर्ट तिच्या नाकापाशी धरला. तिनं एकदा हुंगला, दोनदा हुंगला, आणि अशी ताडकन उठली की जमलेले पोलीस म्हणाले, "उठली, उठली!" पण भांड्याकडं बघेल तर शपथ. दाराला धडका मारायला लागली. तेव्हा त्या पोरानं कपाळावर हात मारला.

"आयला, हिला काम दिलंय असं वाटलं की!"

चूक काय झाली ते मला तिथंच कळलं. आपण माणसं वास देतो धीर म्हणून. तिला जन्मभर कपडा हुंगायला दिला तो एकाच कामासाठी, ज्याचा कपडा त्याला शोधून काढ. त्यानं साखळी लावली आणि ती जमिनीला नाक लावून निघाली. हे गाडी लावतात तिथं गेली, हे तिचं भांडं घासतात त्या नळावर गेली, तिथं घुटमळली, मग वळली. वळली ती सरळ लिंबाकडं. माझ्याकडं! मी पदर आवळून झाडाला टेकले. तिनं माझी पावलं हुंगली, निऱ्या हुंगल्या, मग पट्ट्या ठेवणारा हात किती तरी वेळ हुंगला. आणि समोर ताठ बसून भुंकायला लागली.

चोर सापडला की ती अशीच बसते आणि अशीच भुंकते. भर दिवसा, पोलीस मुख्यालयात, पोलिसाच्या बायकोला पोलिसाच्या कुत्रीनं पकडलं.

माझा तोल गेला. "अगं भवाने, चोर मी व्हय? नवरा माझा, पळवलास तू, आणि भुंकतेस माझ्यावर?" आजूबाजूचे पोलीस हसायला लागले. मी रडत होते ते त्यांना उशिरा दिसलं.

तो पोरगा तिला "शाब्बास, शाब्बास" म्हणत ओढत होता. ती त्याच्याकडं ढुंकून बघेना. नजर माझ्यावर. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, तुमीच म्हणा. दादांचा सगळ्यात ताजा वास तुमच्या अंगाला हाय. तिच्या हिशेबानं तिला दादा गावले, ते तुमच्यात."

मी तिथंच लिंबाखाली तिच्यासमोर बसले. इतकी वर्षं मी यांच्या कपड्यांना तिचा वास येतो म्हणून धुसफुसत होते. माझ्या अंगाला यांचा वास असतो हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं कुणी, तर हिनं. जिल्ह्यात हिच्यापेक्षा तिखट नाक नाही, असं हेच सांगत फिरायचे. ती भुंकायची थांबली होती आणि तिचे पुढचे पाय थरथरत होते. आम्हा दोघींना एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती मी लेकीजवळसुद्धा बोलले नव्हते.

कसा म्हणायचा? मला कधी मिळाला नाही तो शब्द मी हिला द्यायचा? पण ती बसूनच. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हटलं, "शाब्बास. शाब्बास गं बाई." त्या पोरानं ताजं दूध-भाकरी कालवून आणली. तिनं माझ्या हातातून खाल्लं, सगळं खाल्लं, आणि बोटं चाटून ठेवली. नियम मोडला म्हणून कुणी ब्र काढला नाही.

तिसऱ्या प्रहरी यांचा ताप उतरला. डोळे उघडले, ओळखीचं बघितलं. मी पुढं झाले. म्हटलं, आता विचारतील, जेवलीस का, झोपलीस का.

"तिनं खाल्लं का?"

घ्या! मी मोसंबं सोलत म्हटलं, "खाल्लं."

"कुणाच्या हातनं?"

"माझ्या."

यांनी माझ्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाले, "माझ्याबिगर कुणाच्या हातनं खात न्हाय ती."

"खाल्लं की. बोटंसुद्धा चाटली."

यांनी भिंतीकडं तोंड केलं. लेक तोंडावर ओढणी धरून हसत होती. थोड्या वेळानं भिंतीकडूनच आवाज आला, "लई भुकेजली असंल, म्हणून." मी म्हटलं, असेल. पुन्हा थोड्या वेळानं, "शेपूट हलवली का?"

"बोटभर तर आहे. तेवढी सगळी हलवली."

आता मात्र हे वळले. तोंड एवढंसं झालेलं, डोळे लाल. जन्मात पहिल्यांदा या माणसाला माझा हेवा वाटत होता, आणि तो लपवता येत नव्हता.

"उद्या जाऊ नगंस तिकडं," हे म्हणाले. "मी बरा झालो की जाईन मी."

मी मोसंब्याची फोड यांच्या तोंडात घातली आणि म्हटलं, "जाणार. सकाळी येते म्हणून तिला सांगून आलेय."