रंजिताच्या त्रेचाळीस पावत्या

वाल्मिक घुडे कधी घाई करत नसत आणि मला तर घाईचंच वेड होतं. मी शेखर मास्तर. शहापुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो. २००१ साली बी-बियाणं आणि खतं विकणाऱ्या एका शेटनं मला हिशेबाचा प्रोग्राम बसवायला बोलावलं, तेव्हा वाल्मिकभाऊ त्याच्या दुकानात बावीस वर्षांचे जुने कारकून होते. रोज खर्डीहून यायचे, डबा खिळ्याला अडकवायचे आणि वही उघडायचे. अक्षर इतकं देखणं, की शेट वह्या पाहुण्यांना दाखवायचा.

कीबोर्डावर मात्र त्यांचं एकच बोट चालायचं. प्रत्येक पावतीला गिऱ्हाइकाचं नाव, बापाचं नाव, गाव, माल, भाव, सगळं पुन्हा टाइप करायचं. एका पावतीला तीन मिनिटं. मी घड्याळ लावून मोजलंय. पेरणीच्या आधी रांग रस्त्यावर गेली आणि लोक मला शिव्या घालू लागले.

मग मी रकाने एकमेकांना जोडले. खात्याचा नंबर मारला की नाव, गाव आपोआप यायचं. मालाचा नंबर मारला की भाव यायचा. नाव फक्त एकाच जागी लिहिलेलं, बाकी सगळ्या पावत्या ते तिथूनच उचलायच्या. पावती वीस सेकंदांवर आली. मी महिनाभर कॉलर ताठ करून फिरत होतो.

मागच्या चार वर्षांच्या पावत्याही वाल्मिकभाऊंनीच वह्यांमधून भरल्या. काम पुरं झाल्यावर शेटनं त्या वह्या रद्दीत दिल्या. भाऊ रद्दीवाल्याच्या हातगाडीमागं कोपऱ्यापर्यंत गेले. मी म्हटलं, "अहो, सगळं आत आहे की!" आता ते वाक्य आठवलं की माझीच मला चीड येते.

त्या खात्यांत ३१८ नंबरचं खातं रंजिताचं होतं. भाऊंची ही एकुलती एक लेक. भात निघालं की घरामागच्या तुकड्यात ती भेंडी करायची. तिच्या नावानं खातं उघडलं तेव्हा शेट हसला होता. भाऊ म्हणाले, "पीक तिचं, तर नाव बी तिचंच."

२००३च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं, मुरबाडकडच्या वैशाखरे गावात दिली. मी जेवायला होतो. नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, सरस्वती. आपल्याकडे रीतच आहे. पोरीचं आडनाव तर जातंच, हाक मारायचं नावही जातं, आणि आपण वर टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या.

पुढच्या सोमवारी भाऊंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. शेटचं दुसरं दुकान मुरबाडला होतं. दर आठवड्याला फ्लॉपीतून खाती तिकडे जायची. वैशाखऱ्याची माणसं बाजाराला मुरबाडलाच येतात. "तिकडच्या दुकानात पोरीचा खोळंबा नको व्हायला. नंबर सांगितला की झालं पायजे." त्यांनी ३१८ उघडलं, रंजिता वाल्मिक घुडे हे नाव पुसलं आणि सासरचं नाव, गाव लिहिलं. एंटर दाबलं. क्षणात जुन्या सगळ्या पावत्यांवर सरस्वती आली.

"बघा मास्तर, एका दमात!" भाऊ पोरासारखे खूश झाले होते. मीच शिकवलेलं, मीही खूश. घरी त्यांनी बायकोला, हौसाबाईंना, हे कौतुकानं सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "आनी मागचं बी बदललात? तवा तर ती आपल्याकडंच व्हती."

दोन वर्षांनी भाद्रपदात रंजिता गेली. सहावा महिना होता, कावीळ झाली. वैशाखऱ्याहून मुरबाडला आणली, तिथून कल्याणला न्यायला सांगितलं, वाटेतच संपलं. दहाव्याला सगळे सरस्वती, सरस्वती म्हणत होते. भटजीही तेच म्हणाले. मृत्यूच्या दाखल्यावरही तेच.

कामावर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा कॉम्प्युटरमध्ये लेकीचं नाव शोधलं. मी तिथंच होतो. त्यांनी एका बोटानं सावकाश नाव लिहिलं, रंजिता वाल्मिक घुडे. उत्तर आलं, अशा नावाचं खातं नाही.

"वह्या असत्या तर..." ते म्हणाले. मग टेबलाची कड धरून म्हणाले, "मास्तर, मीच पुसली वो माजी पोर. माज्या हातानं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाईघाईनं म्हटलं, "भाऊ, सोपं आहे. नाव परत बदलू, एका मिनिटात सगळीकडे रंजिता येईल."

त्यांनी मान हलवली. "मंग तिकडची दोन वर्सं बी पुसली जातील. नाय. ती तिथं बी नांदली. तिचं तिकडलं तिकडंच ऱ्हाऊ द्या. आमच्याकडलं तेवढं आमाला द्या."

त्यासाठी एकच वाट होती. वेगळं, ३१८ला न जोडलेलं खातं उघडायचं. लग्नाआधीची एकेक पावती ३१८मधून काढायची आणि इकडे नव्यानं भरायची. अशा त्रेचाळीस होत्या. शेटनं विचारलं, "हिशेबात फरक नाय ना पडणार?" मी नाही म्हटलं. "मग भरू दे," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

"निदान नाव तरी जोडून देतो," मी म्हटलं, "दर वेळी लिहायला नको."

"नको. मी लिवतो."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते बसायचे. दर पावतीला पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. चूक झाली तर पुसून पुन्हा. आठ दिवस डबा तसाच परत गेला. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं.

नवव्या दिवशी त्यांनी हौसाबाईंना दुकानात आणलं. तिला वाचता येत नव्हतं. पडद्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हितं काय लिवलंय?"

"रंजिता वाल्मिक घुडे, खर्डी. भेंडीचं बी, अर्धा किलो. कार्तिक."

"ते उगवलंच नाय. रडली व्हती," हौसाबाई म्हणाली. बोट खालच्या ओळीवर आलं. "आनी ही?"

"रंजिता वाल्मिक घुडे, खर्डी. परत भेंडीचं बी, अर्धा किलो."

"ते आलं. पयली तोडनी देवाला ठेवली तिनं."

बाहेर गिऱ्हाइकं येऊन थांबली होती. शेटनं त्यांना थांबवून ठेवलं. भाऊंनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पावत्या वाचल्या, आणि दर वेळी लेकीचं नाव पूर्ण घेतलं.