गड्डा उलटला की नाव

या देशात क्रांती झालीच, तर आमच्या घरमालकीणबाई तिला दारात अडवून आधी हात धुवायला लावतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. हात धुतल्यावर तिची नाडी बघतील आणि भेटायची वेळ चार ते सहा आहे असं सांगून तिला बाहेर ओट्यावर बसवून ठेवतील. मी हे खात्रीनं सांगतो, कारण बाईंच्या माडीवरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्यानं राहिलो, आणि क्रांतीची वाट पाहणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांना त्यांनी अगदी असंच वागवलं. शोषणावरची आमची चर्चा ऐन रंगात आली की खालून पितळी घंटी वाजायची. सहा वाजलेले असायचे. पोलिसांना न भिणारे माझे मित्र चपला शोधायला लागायचे.

बाई सात रस्त्याजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि त्यावर खळीची कडक टोपी. त्यांचं बोलणं मराठीत असे, पण राग चढला की त्या कानडीत शिरत, आणि ‘साकु’, म्हणजे पुरे, म्हणाल्या की समोरचा माणूस कानडी येवो न येवो, गप्प होई. बोलताना समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती. दुधात पाणी आहे की नाही हा वादही त्या दूधवाल्याची नाडी धरूनच घालत. ‘खोटं बोलतुयास, कशी उड्या मारतीय बघ,’ असं ऐकल्यावर तो बिचारा माप वाढवून देई. घरात जे जे उकळता येईल ते त्या उकळत. एकदा माझा कंगवा उकळला. तो प्रश्नचिन्हासारखा वाकून बाहेर आला, तेव्हा म्हणाल्या, जंतू तर मेले की.

पण त्यांची खरी तऱ्हा होती ती नव्या सिस्टरांच्या नावांची. शिक्षण संपवून पहिल्याच नोकरीला आलेल्या मुलीला त्या नावानं हाकच मारत नसत. बार्शीहून आलेली ती बार्शी, अक्कलकोटची ती अक्कलकोट. वॉर्डात ‘बार्शी, पंढरपूरला घेऊन खाटा सरकव’ असले हुकूम सुटत, आणि नवा पेशंट आपण एसटी स्टँडवर आलो की काय म्हणून घाबरे. नाव मिळायचं ते गड्डा उलटल्यावर. जानेवारीत सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे आमचा गड्डा, भरला की सगळ्यांना रजा हवी असते आणि नेमका तेव्हाच वॉर्ड जत्रेतलं अरबट-चरबट खाल्लेल्यांनी भरून जातो. जी पोरगी हे दिवस काढून पुढेही राहील तिचं नाव बाई शिकत. बहुतेक जणी त्याआधीच जात. कुणाचं लग्न ठरे, कुणाला सरकारी नोकरीचा हुकूम येई, कुणी लागोपाठच्या पाळ्यांना आणि डॉक्टरांच्या खेकसण्याला कंटाळे. बाईंची स्वतःची ही पहिलीच नोकरी, आणि त्यांनी ती कधी सोडली नव्हती. त्यामुळे त्यांचा निकाल ठरलेला: ‘आताच्या पोरींत दम न्हाय.’

मी यावर पेटून उठे. दोष मुलींचा नाही, व्यवस्थेचा आहे, असं मी जिन्यात उभा राहून त्यांना सांगत असे. एकदा त्यांनी शांतपणे विचारलं, “ही व्यवस्था म्हंजे कोण रं? लावून दे की तिला वॉर्डात. बेडपॅन द्यायला शिकिवते.”

मग होटगी आली. सडपातळ, अबोल, पण हात असा हलका की सुई टोचल्याचं पेशंटला नंतर कळे. बाई घरी येऊन तिच्याबद्दल बोलू लागल्या, आणि मला जाणवलं की ही पोरगी टिकावी असं त्यांना मनापासून वाटतंय. अडचण एवढीच होती की तिची संध्याकाळची पाळी सुटेपर्यंत होटगीची गाडी निघून गेलेली असे, आणि रात्र तिला वॉर्डाच्या बाकावर काढावी लागे. ती खोली शोधत होती. नवी पेठेतल्या एकानं सांगितलं, अवेळी येणारी-जाणारी बाई आम्हाला नको. दुसऱ्यानं आडनाव विचारलं, आणि ते ऐकताच आपला पुतण्या राहायला येणार असल्याचं त्याला आठवलं. तिच्या वडिलांनी शनिवारपर्यंत सोय कर, नाहीतर नोकरी सोड, असं बजावलं.

माझं रक्त उसळलं. एका बैठकीत मी पत्रक लिहिलं, ‘रुग्णांची रात्र जागवणारीला रात्री छप्पर का नाही?’, मित्राच्या छापखान्यात छापून घेतलं आणि सात रस्त्याच्या भिंतींवर स्वतः खळ लावून चिकटवलं. एक प्रत मोठ्या अभिमानानं बाईंना दिली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

“लई झ्याक लिव्हलंयस,” त्या म्हणाल्या. “मग खोली कधी सोडतुयास?”

पत्रक समाजाला उद्देशून आहे, असं मी चाचरत म्हणालो.

“तू समाजात न्हाईस व्हय?”

माझं मनगट त्यांच्या हातात होतं, त्यामुळे काही लपवण्यात अर्थ नव्हता. पण त्यांनी नाडी मोजली नाही. हात तसाच धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मीबी त्यातलीच की. इतकी वर्सं पोरींना नावं ठेवली, आन माडी दिली बापय माणसांना. लोक काय म्हणतील म्हणून.”

शुक्रवारी मी माझी ट्रंक छापखान्याच्या पोटमाळ्यावर नेली. बाईंनी माडी फिनेलनं दोनदा धुतली. क्रांतीचे जंतू चिवट असतात म्हणाल्या. संध्याकाळी होटगी वळकटी घेऊन आली. गड्ड्याला अजून अवकाश होता, तरी बाईंनी जिन्याखालून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, “सुजाता, पाय धुऊन वर जा गं.”

सुजाता टिकली. गड्डे आले, गेले. चार ते सहा मी त्या दोघींकडे चहाला जाई, आणि घंटी वाजली की निघे. पुढे तिला लातूरकडे सरकारी दवाखान्यात चांगली जागा मिळाली, राहायला क्वार्टरसकट. ती गेली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. बाई माडीवर रिकाम्या खाटेवर बसल्या होत्या, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवलेली. असं जाणं हे हरणं नाही, उलट नोकरी कशी सोडावी तर अशी, वगैरे मी सुरू केलं. त्यांनी मला ‘साकु’सुद्धा म्हटलं नाही. नुसती बाजूला सरकून जागा करून दिली.

“सोमवारी मोहोळची पोरगी येणार हाय राहायला,” त्या म्हणाल्या. “तवर बसू हितं जरा.”