खोबऱ्यावरचा ठिपका

माझं काम चुकूच शकत नाही, अशी घमेंड होती मला. रत्नागिरीतल्या आमच्या घशाच्या डॉक्टरीणबाईंची घशात घालायची दुर्बीण जुनी. नळीत काचेचे हजारो बारीक धागे, त्यामुळे पडद्यावर घशाऐवजी मधमाश्यांचं पोळंच दिसायचं, आणि तुटलेल्या धाग्यांच्या जागी काळे ठिपके. ती जाळी पुसून ठिपके शेजारच्या रंगानं बुजवणारं सॉफ्टवेअर मी घरी बसून लिहिलं.

त्यासाठी आधी नळीसमोर कोरं पांढरं काहीतरी धरायचं. तिथे काळं दिसेल ती नळीची खोट. कागदाचा पोत उमटायला लागला, म्हणून आईनं नुकत्याच फोडलेल्या नारळाची वाटी मी दवाखान्यात नेली आणि तिचं चित्र घेतलं. घशासारखी ओली, पांढरीशुभ्र. स्वतःवर बेहद्द खूश झाले मी.

पहिले पेशंट बाबाच. महिनाभर आवाज बसलेला, आणि गणपतीत वाडीच्या आरत्या त्यांच्याशिवाय सुरू होत नाहीत. घरात कॅन्सरचं नाव कुणी काढत नव्हतं, पण आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पडद्यावर घसा स्वच्छ दिसला. "काही नाही गं," मी आईला सांगूनही टाकलं.

बाईंनी नळी जरा फिरवली. स्वरतंतूवर कणीएवढा दाणा दिसला. नळी पूर्ववत केली, दाणा गायब.

"नळीची खोट पडद्यावर जागची हलत नाही," बाई म्हणाल्या. "हे हललं. हे ह्यांचंच आहे, आणि तुम्ही ते झाकताय."

घरी येऊन वाटीचं चित्र मोठं करून बघितलं तर खोबऱ्याला करवंटीचा कण चिकटलेला. त्यालाच नळीची खोट समजून मी ती जागा इमानेइतबारे बुजवत होते. चांगले अकलेचे दिवे पाजळले होते!

तपासण्यांनंतर दाणा साधाच निघाला, आवाज ताणून आलेला. बाईंनी महिनाभर मौन सांगितलं. बाबांनी पाटी आणवली आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'आता हिचं निमूट ऐकणं आलं.' आई कितीतरी दिवसांनी हसली. मीही नवी वाटी धुऊन, नळीसमोर गोल फिरवत पुन्हा चित्रं घेतली.

महिन्यानं बाईंनी नळी तीनदा फिरवली. मी जाळी पुसलीच नाही आधी, पोळ्यातूनच डोळे फाडून बघत राहिले. दाणा कुठेच नव्हता. बाबांनी इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, ते मलाच विचारायला.

"काही नाही ना गं?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "ह्या वेळी बघून सांगतेय."