प्रॉम्प्टरदादांची हार्ड डिस्क

बोलताना कुणी जरा अडखळलं की पुढचा शब्द दादा पुरवायचे. म्हापशाच्या बसमध्ये कंडक्टर "पुढे सरा, पुढे..." म्हणून श्वास घ्यायला थांबला, की मागून हळूच "जागा आसा" ऐकू यायचं. एका लग्नात भटजी मंगलाष्टकात अडले, तर दादांनी पाहुण्यांच्या गर्दीतून त्यांना अख्खी ओळ सांगितली. ती दुसऱ्याच मंगलाष्टकातली होती, हा भाग वेगळा. पण माणसाने तरी काय करावं? उभा जन्म त्यांनी गावच्या जत्रेतल्या नाटकांना विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलेलं.

पेडण्यात माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. एका सकाळी दादा टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क घेऊन आले आणि म्हणाले, "बाय, ह्येच्यात भिकू आसा."

भिकू म्हणजे दादांचा जिवलग मित्र आणि आमच्या गावच्या रंगमंचावरचा कायमचा राजा. तो आदल्या वर्षी वारला. त्याच्या शेवटच्या नाटकाचं चित्रीकरण या एकाच डिस्कवर होतं, आणि वर्षश्राद्धाला ते लावून दाखवीन, असा शब्द दादा त्याच्या बायकोला, सुशीलावहिनींना, देऊन बसले होते. डिस्क मात्र मध्येच दिसायची, मध्येच गुडूप व्हायची. दादांनी घरी ती सारखी बंद करून चालू केली होती.

"अहो, पण कशाला?"

"इसारलो आसतलो तो. पयला अक्षर दिला काय आपणच बोलता."

मी कपाळाला हात लावला. "दादा, ही डिस्क आहे, नट नव्हे. चालवाल तितकी आणखी बिघडेल."

"भिकूचा पण तसाच होता," दादा म्हणाले.

डिस्कमधून टकटक येत नव्हती, एवढं नशीब. आतलं यंत्रच मोडलं असतं तर कुठलंही सॉफ्टवेअर हात टेकतं. इथे काही जागा तेवढ्या वाचता येत नव्हत्या. म्हणून आधी जमेल तेवढी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि शोधाशोध त्या नकलेत करायची, असं मी ठरवलं. दादा खुर्ची ओढून शेजारी बसले. पडद्यावरची हिरवी पट्टी अडली की पुटपुटायचे, "चल भिकू, चल."

"दादा, गप्प बसा बघू."

"मी गप रवलंय तर तो अडतलो."

तेवढ्यात पट्टी सरकली. सॉफ्टवेअर आपणच लिहिल्यासारखं दादांनी माझ्याकडे पाहिलं. मला अस्सा राग आला.

अर्धं नाटक हाती लागलं. चित्राच्या चिंध्या झाल्या होत्या, आवाज मात्र खणखणीत होता. वर्षश्राद्धाची जेवणं उरकल्यावर आम्ही ते वहिनींच्या टीव्हीवर लावलं, आणि घात झाला. कॅमेरावाल्याने माइक विंगेजवळ ठेवला असावा. आधी दादांचा आवाज आला, "प्रधानजी, आमचा निर्णय झाला आहे." मग भिकू गरजला, "प्रधानजी, आमचा निर्णय झाला आहे." प्रत्येक वाक्य असंच. अगदी "कोण आहे रे तिकडे" सुद्धा.

आपल्याला सगळी नाटकं तोंडपाठ आहेत, असं भिकूने बायकोला जन्मभर सांगितलं होतं. दादा रडकुंडीला आले. "बंद कर गो बाय. तेची अब्रू गेली."

"रवांदे," वहिनी म्हणाल्या. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या आणि डोळे वाहत होते. "पाठांतर करूक जातंय म्हणून काजूच्या बागेत जाय. मगे खंय जाय तो?"

दादांना शब्द सुचेना, आणि त्यांना सांगायला कुणी नव्हतं. शेवटी खाली बघून म्हणाले, "माज्याकडे. पत्ते खेळूक."

वहिनींनी ते नाटक त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून लावायला लावलं.

पुढे दादाही गेले. त्यांची मुलगी लता माझ्याकडे आली, बाबांचा आवाज कुठे असेल का विचारत. एवढा बोलणारा माणूस, पण घरात त्यांचं एक वाक्य कुणी साठवलेलं नव्हतं. मी तिला सुशीलावहिनींकडे नेलं. आता दर जत्रेला ती माहेरी आली की दोघी टीव्हीसमोर बसून ते अर्धं नाटक ऐकतात. प्रत्येक वाक्य दोनदा येतं. पहिलं लताचं असतं, दुसरं वहिनींचं.