चौथ्या जोडानंतर

रुपेश जाधव आठवडाभर रेडियम कापायचा. जुन्नरच्या बाजारपेठेत ऋषीचं दुकान होतं. तिथं मोटारसायकलींची सीटकव्हरं, नंबरप्लेटा आणि टाकीवर चिकटवायची अक्षरं मिळत. नंबरपेक्षा आपण कोण आहोत हे मोठ्या अक्षरांत लिहून घेणारी गिऱ्हाइकं जास्त. कुणाला वाघ हवा, कुणाला तलवार, कुणाला गावाचं नाव, बहुतेकांना घराण्याचं. रुपेश हे सगळं पातळ ब्लेडनं हातानं कापी. तालुक्याचा अभिमान असा त्याच्या बोटांखालून जात असे आणि कातरणं खाली पडत. त्या कातरणांतून तो परग्रहावरचे लोक बनवायचा.

त्याचं असं झालं. सत्त्याण्णव साली माल आणायला पुण्याला गेला असताना पदपथावरच्या रद्दीत त्याला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात कल्लेवाले आणि शिंगवाले जीव होते, पोलादी हात बसवलेली माणसं होती, फाशांचे तक्ते होते. प्रत्येकानं एक जीव घ्यायचा आणि त्याच्या तोंडून बोलत, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची, असा तो खेळ. पण कसा खेळायचा ती पहिली पानंच कुणीतरी फाडून नेली होती. पूर्ण पुस्तक मिळालं असतं तर रुपेशनं ते चाळून ठेवून दिलं असतं. अर्धं मिळालं, म्हणून उरलेलं विश्व त्याला स्वतः निर्माण करावं लागलं.

त्यानं चार जमाती केल्या. खडके दगडी कातडीचे, वर्षातून एकदा जेवणारे. दिवट्यांच्या गळ्यात उजेड असे. ते उजेडानंच बोलत, त्यामुळे भर उन्हात मुके. पाठमोऱ्यांचं तोंड पाठीकडे. झालेलं सगळं दिसे, येणारं काही नाही. आणि ओलांडे, ज्यांना स्वतःचा आकारच नव्हता. ज्या भांड्यात बसतील तसे होत. शिवाय अंगाला लावायचे जोड होते: जमिनीखालचं ऐकणारा पितळी कान, तांब्याच्या तारांचा तिसरा हात, धूर पिऊन जगवणारी छातीतली चिमणी. जोड लावला की काहीतरी द्यावं लागे. पितळी कान घेणारा आईचा आवाज विसरे.

या सगळ्यांत रुपेशचा जीव एकाच नियमात होता. प्रत्येक जिवाखाली त्याच्या जमातीच्या रंगाची चकती असे. चौथा जोड लागला की ती पालथी घालायची. त्यानंतर त्या जिवाला त्याचं मूळ कुणी विचारायचं नाही.

हा नियम त्याला कुठं सुचला हे कळायला फार हुशारी लागत नाही. त्याआधीच्या वर्षी त्यानं जुन्नरमध्ये भाड्यानं खोली शोधली होती. घर अवसरी बुद्रुकला, रोजचं एसटीनं येणं-जाणं परवडेना. घरमालक नाव विचारत, मग आडनाव. जाधव म्हटल्यावर काहीच ठरत नाही, म्हणून गाव. अवसरी म्हटल्यावरही ठरत नाही, म्हणून गावात नेमकं कुठं. बौद्धवस्तीत म्हटलं की खोली नुकतीच दिलेली असे. अशा बऱ्याच खोल्या त्या वर्षी जुन्नरात नुकत्याच दिल्या गेल्या. शेवटी ऋषीनं त्याला दुकानाचा माळा राहायला दिला. ऋषी बोरी बुद्रुकच्या जुन्या जमीनदार घराण्यातला, पण मनानं मोकळा. त्यानं काही विचारलं नाही. त्याला माहीतच होतं.

लोडशेडिंगमुळे दुपारी वीज गेली की खेळ मांडायचा. अर्धं शटर खाली, काउंटरवर मेणबत्ती, त्या उजेडात रेडियमचे जीव चमकत. खेळाडूंत ऋषी, शेजारच्या गॅरेजमधला पप्पू, आणि ऋषीची चुलतबहीण अश्विनी. ती जुन्नरला कॉलेजात होती आणि बोरीची गाडी येईपर्यंत दुकानात बसे. रुपेश सूत्रधार, आणि खेळाडू कमी म्हणून एक ओलांडाही तोच चालवी.

पहिल्याच डावात पप्पूचा दिवटा एका अनोळखी ग्रहावर उतरला. समोर खडका उभा. त्याच्याशी लढावं, व्यापार करावा की पळावं, हे पप्पूनं ठरवायचं होतं. पप्पूनं विचारलं, “पावणं कुठलं?”

रुपेशनं ग्रहाचं नाव सांगितलं. पप्पूनं आडनाव विचारलं. मग पाहुणे कोण ते विचारलं. ते कळेपर्यंत शस्त्र काढावं की रामराम घालावा हे दिवट्याला ठरवता येईना. रुपेश हसला आणि त्यानं खडक्यांना पाहुणे दिले. तिथं तो चुकला. महिनाभरात जमातींच्या सोयरिकी ठरल्या, पंगती ठरल्या, जहाजात कुणी पुढं बसायचं ते ठरलं. ज्याला आकार नाही त्याच्या हातचं पाणी खडके घेईनात. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. फाडलेल्या पानांची जागा खेळाडूंनी अशी आपापल्या घरून आणून भरली.

रुपेश मात्र बिनघोर होता. चौथा जोड होता ना. त्याचा ओलांडा सगळ्यांत आधी चौथ्या जोडाला पोचला, चकती पालथी पडली, आणि नियमाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना तो पप्पूला म्हणाला होता, “तेवढा वेळ लई बरं वाटतं राव.” पप्पूला वाटलं, चहाबद्दल बोलतोय.

दुसरी पोचली अश्विनी. ती सगळ्यांत चांगली खेळायची. तिच्या खडकीणबाईला तिसरा हात होता, कान होता, चिमणी होती, सगळं होतं. नव्हतं फक्त जहाज. ते रुपेशच्या ओलांड्याकडे होतं. नियमात एका घरातल्यांना जहाज एक, असं लिहिलेलं. दोघांच्याही चकत्या पालथ्या. अश्विनीनं हिशोब केला आणि म्हणाली, “ह्यांचं लगीन लावून टाकू. दुसरं जहाज घेऊन दुप्पट इंधन कशाला जाळायचं?”

पप्पूनं मंगलाष्टकासारखं काहीतरी म्हटलं आणि अक्षता म्हणून कातरणं उधळली. दोन जीव काउंटरवर शेजारी ठेवले गेले. ऋषी हसला नाही. गाडीची वेळ झाली म्हणून अश्विनीला घेऊन तो स्टँडवर गेला.

रुपेश आणि अश्विनी यांच्यात काहीही नव्हतं. हे सांगायची गरज पडावी हेच त्या गोष्टीचं मर्म आहे. अश्विनी पुढं दुकानात आली नाही. कॉलेजही सुटलं, आणि त्याच उन्हाळ्यात आळेफाट्याकडचं स्थळ बघून तिचं लग्न झालं. स्थळ चांगलं होतं. जहाजाच्या इंधनाचा प्रश्न सोडवणारी मुलगी तिथं कांदा साठवायच्या अरणीवर मजुरांना हाका मारू लागली. लग्नात रुपेशला आमंत्रण होतं आणि तो जेवूनही आला.

त्यानंतर एका दुपारी ऋषीनं त्याला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. चहा मागवला होता.

“तुझ्याबद्दल न्हाई बोलत मी,” तो म्हणाला. “तू घरचाच हायेस. पण खेळात बी कोण कुठला ते कळाया पायजे का नाय?”

“चौथ्या जोडानंतर न्हाई कळत. त्याच्यासाठीच तर खेळ हाय.”

“मग बदल ना. तूच केलाय, तूच बदल. चकती उलटी ठेव खुशाल, पण मागं एक ठिपका ठेव मूळ रंगाचा. एवढासा.”

रुपेशनं विचारलं, नाही ठेवला तर? ऋषी म्हणाला, नाही ठेवला तर काय, काही नाही. आणि हे खरं होतं. त्यानं रुपेशला कामावरून काढलं नसतं, माळ्यावरूनही नाही. फक्त दुपारी वीज गेल्यावर शटर अर्धं खाली आलं नसतं. खेळायला कुणी नसेल तर ग्रह कुणासाठी फिरणार? रुपेशकडे दुसरं शटर नव्हतं.

त्यानं नियम बदलला. ठिपका तर ठेवलाच, वर पिवळ्या रेडियममध्ये सुबक अक्षरं कापून भिंतीवर लावली: मूळ सांगितल्याशिवाय खेळात प्रवेश नाही. कापणी इतकी देखणी होती की दोन गिऱ्हाइकांनी तशीच अक्षरं आपल्या गाड्यांवर मागितली.

खेळ त्यानंतर खरा वाढला. मंचर, नारायणगावहून पोरं येऊ लागली. सुट्टीच्या दिवशी दुकानात दोन टेबलं लागायची. अक्षरं कापायला संगणकाचं यंत्र आलं, रुपेशनं खोडदच्या मुलीशी लग्न करून नारायणगावात संसार थाटला, पण सूत्रधार तोच. नव्या खेळाडूला मूळ विचारायचं काम सूत्रधाराचं. सुरुवातीला तो ते खाली बघून विचारी. मग सवय झाली. पुढं पुढं तो इतक्या सहज विचारायचा की पोरांना वाटे, पुस्तकातच असणार.

दोन हजार सहाच्या दिवाळीत स्वप्ना आली. रुपेशच्या बहिणीची मुलगी, अवसरीला आजोळी वाढलेली, मंचरला संगणक शिकत होती. प्राथमिक शाळेत असताना मामानं तिला ओलांड्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, नियमांसकट. तिनं स्वतःची जमात करून आणली होती: पत्र्याच्या अंगाची, चार जोड लावलेली. घरीच कापलेली, कडा खडबडीत. टेबलाभोवती सातआठ पोरं होती. ऋषी काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्याचं इकडं लक्षही नव्हतं.

“मूळ?” रुपेशनं विचारलं.

“चार जोड झालेत, मामा. तुमीच सांगितलं व्हतं, मग इचारत न्हाईत.”

“तो जुना नियम.”

“मग ह्यांना मूळच न्हाई असं धरा. जोड लावून लावून विसरलेत ते.”

पोरं हसली. त्यांना ते आवडलं होतं. एकानं तर बस म्हणून खुर्ची सरकवली. त्या क्षणी रुपेशला कुणीही अडवत नव्हतं. ऋषी नाही, पोरं नाहीत, भिंतीवरची अक्षरं तर त्याचीच.

“तसं चालत न्हाई,” तो म्हणाला. “कायतरी सांगावं लागतं.”

स्वप्नानं आपले पत्र्याचे जीव गोळा करून पर्समध्ये टाकले, येते म्हणाली आणि स्टँडकडे गेली. खेळामुळे शटर अर्धं खाली होतं, तिला वाकावं लागलं.

खुर्ची सरकवणाऱ्या पोरानं विचारलं, ओळखीतली होती का? मामा म्हणत होती.

“गावाकडची हाय,” रुपेश म्हणाला, आणि त्यानं फासे पुढच्याकडे दिले.