ओटीतलं बी

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराची ही गोष्ट. सेंद्रिय हा शब्द आमच्या गावात तोवर आलेला नव्हता. आमच्या रानात हायब्रीड ज्वारी आणि पोत्यातलं खत. पेरणीला हे तिफण हाकायचे आणि मी मागून चाड्यावर मूठ धरून बी सोडायची. बी कोणतं, हे मला कुणी विचारत नसे. हे पाटीतून माझ्या ओटीत ओततील ते पेरायचं.

एका उन्हाळ्यात मुखेडहून, माहेरून, आईनं राखेत घोळून ठेवलेलं गावरान बी मी बांधून आणलं. हुलगा, मटकी, राळा, थोडी बाजरी. नाल्याकाठचा खडकाळ तुकडा मला द्या, एवढं म्हणायला मला कितीतरी दिवस लागले. शेवटी जेवायला वाढताना मी म्हणाले, तेही ताटाकडं बघून.

हे हसले. "घे. पण ताटात दिसलं पाहिजे. न्हाई तर पुढल्या साली तिथंबी हायब्रीड."

सासूबाई म्हणाल्या, माहेरचं गाठोडं लई जड दिसायलंय. पण दुसऱ्या दिवशी शेणखताची पाटी त्यांनीच माझ्या डोक्यावर उचलून दिली.

त्या साली पाऊस पेरणीपुरता आला आणि गेला. हायब्रीड गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली, कणसं भरलीच नाहीत. माझा राळाही जळाला. बाजरी बेताची आली. पण हुलगा आणि मटकी जमिनीला धरून राहिली. पिकाच्या तासांमध्ये, दोन ओळींच्या मधे, मी पाचोळा पसरला होता, त्याखाली बोटभर ओल टिकायची.

हिवाळाभर घरात हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं शिजलं. आज बी माडगंच का, असं हे रोज विचारायचे आणि वाटी पुढं करायचे. बियाण्याची मडकी मात्र मी कुणाला हात लावू दिली नाही.

पुढच्या पेरणीला ह्यांनी तिफण जुंपली ती मोठ्या रानात. नाल्याकाठच्या तुकड्यासाठी आणलेली मडकी बांधाशी ठेवून मी सवयीनं ओटी पुढं केली. ह्यांचे हात रिकामे होते.

"बघायलीस काय? बी तुझ्याकडं हाय. सांग, आधी काय पेरायचं?"

मी खाली मातीकडं बघायला लागले. बांधावरून सासूबाई म्हणाल्या, "ताटाकडं बघून बोलतीस न्हवं? मग तिफणीकडं बघून सांग."

मी तिफणीकडंच बघितलं. "बाजरी," म्हटलं. "आन् मधी मटकीचं तास."

ह्यांनी बैलं सरळ केली आणि मी मडकी उघडायला बसले.