पिसांचा झगा

भाचीची स्केटिंगची स्पर्धा बघायला गेले होते. चाकांवरचा तो नाच मला फार आवडतो, पण त्या दिवशी नाच दिसेचना. दिसत होता फक्त झगा. खांद्यांवर पिसं, छातीवर आरसे, खाली मण्यांची लांब झालर. गिरकी घेताना झालर चाकात अडकली आणि पोर पडली. कठड्यावरून वहिनी ओरडली, "अगं, पिसं बघ, तुटली का?" पोरीनं खरंच आधी पिसं चाचपली. एवढ्याशा अंगावर आपण काय काय लटकवतो! वाऱ्यासारखं पळता यावं म्हणून ना दिली होती चाकं? ती उठली, हसली. गुडघ्यातलं रक्त झग्याला लागू नये म्हणून तिनं झालर उचलून धरली आणि गाणं संपेपर्यंत तशीच नाचत राहिली.